अंगठा ओळख सांगतो, मन सांगत नाही : रबाळ्याची जमीन, वृद्धांची स्मृती आणि हजार वर्षांचा एक प्रश्न

(१)
ठाण्याहून वाशीकडे जाणारी लोकल ऐरोलीनंतर रबाळ्याला थांबते. पूर्वेला ठाणे–बेलापूर रस्ता आणि त्यापलीकडे पारसिकच्या डोंगराकडे सरकत गेलेली औद्योगिक वसाहत. पश्चिमेला गावठाणांची दाटी, इमारती आणि मग ठाण्याची खाडी. साठ-सत्तर वर्षांपूर्वी या पट्ट्यात भाताची खाचरे होती, मिठागरे होती, खाडीतली मासेमारी होती. आज येथील जागा चौरस फुटात मोजली जाते. हे दोन्ही काळ एकाच पिढीने पाहिले. ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.

(२)
या धाग्याचा विषय त्या पिढीशी निगडित आहे. मिळकत ज्याच्या नावावर आहे त्याला ती मिळकतच आठवेनाशी झाली, तर तिच्या कागदावर सही कोणी करायची? आईने मागच्या वर्षी उमटवलेला अंगठा तिच्या इच्छेचा होता की शेजारी बसलेल्या मुलाच्या? मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आहे, ‘म्हातारचळ’ हा शब्द आहे. या अवस्थेची चेष्टा करण्याची भाषा आपल्याकडे जुनी आहे. तिच्यावर कायदेशीर तोडगा शोधण्याचा प्रयत्नही तितकाच जुना आहे, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

(३)
आधी जमिनीची गोष्ट. ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यातील आगरी-कोळी कुटुंबांपैकी अनेकजण पिढ्यान्‌पिढ्या कुळे म्हणून राबत होते. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा ‘कृषक दिन’ यांमुळे कसणाऱ्याचे नाव मालक म्हणून लागण्याची वाट मोकळी झाली. सातबाऱ्यावर बहुधा एकाच पुरुषाचे नाव असे. त्याच्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर अशी अक्षरे असत. घरातील इतर भाऊ, विधवा भावजया, लग्न होऊन गेलेल्या बहिणी या कागदात दिसत नसत. पुढच्या अनेक वादांचे मूळ या तीन अक्षरांत आहे.

(४)
मालकीचे हे सुख अल्पकाळ टिकले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे–बेलापूर रस्त्यालगतच्या जमिनी कारखान्यांसाठी घेतल्या गेल्या. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. मुंबईवरचा भार कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवायचे ठरले आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील ९५ गावे त्याच्या कक्षेत आली. संपादन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली झाले. ज्याचे नाव सातबाऱ्यावर, त्याच्या हातात मोबदला.

(५)
मोबदला तुटपुंजा होता, म्हणून लढा उभा राहिला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांना हौतात्म्य आले. पुढे १९९० मध्ये या लढ्याचे फळ म्हणून साडेबारा टक्के योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्क्यांइतका विकसित भूखंड मूळ खातेदाराला द्यावा, असे ठरले. जमीन गमावलेल्या माणसाला शहराच्या वाढीत वाटा मिळावा, ही त्यामागची कल्पना होती.

(६)
आकडे पाहिल्याशिवाय पुढचे समजणार नाही. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के सुमारे ५०६ चौरस मीटर. त्यातूनही सामाजिक सोयींसाठी तीस टक्के वजावट होते. हातात उरतात पावणेनऊ टक्के, म्हणजे सुमारे ३५४ चौरस मीटर. खातेदाराला चार मुलगे आणि तीन मुली असतील, तर समान वाटणीत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ५० चौरस मीटर येतात. शेतात हा तुकडा हास्यास्पद ठरला असता. नवी मुंबईत त्याची किंमत एखाद्या कुटुंबाच्या आयुष्यभराच्या कमाईहून मोठी असू शकते.

(७)
दुसरा हिशेब वयाचा. १९७० मध्ये तीस वर्षांचा असलेला खातेदार १९९० मध्ये पन्नाशीत होता आणि २०२० मध्ये ऐंशीचा झाला. तोवर खातेदार वारला असेल, तर वारसांना न्यायालयाचा दाखला आणावा लागतो. हा दाखला ज्या नियमाखाली मिळतो तो एल्फिन्स्टनच्या संहितेतील १८२७ चा आठवा रेग्युलेशन आहे. पेशवाई बुडून जेमतेम नऊ वर्षे झाली असताना लिहिलेला कायदा आजही महाराष्ट्रात वारस ठरवतो. मृत माणसाचे स्थान कोणी घ्यायचे, याची सोय जवळजवळ दोनशे वर्षे आहे. जिवंत असून स्मृती हरपलेल्या माणसाचे स्थान कोणी घ्यायचे, हा प्रश्न त्याहून अवघड निघाला.

(८)
वाद कोणत्या कागदांवर होतात? चार दस्त महत्त्वाचे आहेत. बक्षीसपत्राने मिळकत हयातीतच दिली जाते. हक्कसोडपत्राने एखादा वारस, बहुधा बहीण, आपला हिस्सा सोडते. मृत्युपत्र मरणानंतर बोलते. आणि कुलमुखत्यारपत्राने दुसऱ्याला आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार मिळतो. भूखंडावर इमारत उभी करायची, तर विकासकाला सर्व हिस्सेदारांच्या सह्या हव्या असतात. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीची सही सर्वांत मोलाची असते. तिचे मन शाबूत आहे की नाही, हे तपासण्याची घाई मात्र कोणालाच नसते.

(९)
आता मागे जाऊ. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात अवैध व्यवहारांची यादी आहे. नशेत असलेला, वेडा, आजाराने गांजलेला, परतंत्र, बालक यांच्याबरोबर तेथे ‘स्थविर’ म्हणजे अतिवृद्धही येतो. याज्ञवल्क्यही मत्त, उन्मत्त, आर्त, बालक, भयभीत यांचे व्यवहार असिद्ध मानतो. नारदस्मृती तर दिलेले असूनही ‘न दिलेले’ ठरणाऱ्या सोळा दानांची गणना करते. वृद्धाच्या हातून झालेली देवघेव संशयाने पाहावी, ही जाणीव त्या काळीही होती. कारण उघड आहे. घरात संपत्ती आणि म्हातारपण एकत्र नांदत होते, आणि त्यांच्याभोवती वाटेकरी होते.

(१०)
इ. स. ११०० च्या सुमारास विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. तो चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याण येथील दरबारातला. हे कल्याण म्हणजे ठाण्याशेजारचे नव्हे, तर आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. वडील हयात असताना त्यांच्या इच्छेविरुद्ध वाटणी होऊ शकते का, असा प्रश्न तेथे येतो. विज्ञानेश्वर शंख या स्मृतिकाराचे मत उद्धृत करतो. त्याचा आशय असा : पिता वृद्ध असेल, त्याचे चित्त विपरीत झाले असेल किंवा तो दीर्घकाळ रोगी असेल, तर त्याची इच्छा नसतानाही वाटणी होते. वाचकाने क्षणभर थांबावे, कारण बाराव्या शतकाच्या उंबरठ्यावर लिहिलेल्या या मजकुरात आजच्या रबाळ्यातील घराचा प्रश्न जसाच्या तसा उभा आहे.

(११)
रबाळ्याला मात्र आणखी एक ग्रंथ लागू पडत होता. इंग्रजी न्यायालयांनी गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे नीलकंठभट्टाच्या ‘व्यवहारमयूख’ या सतराव्या शतकातील ग्रंथाला मिताक्षरेहून वरचे स्थान दिले. नीलकंठ काशीत राहत होता, पण त्याचे घराणे मूळचे पैठणचे. मयूखाचे इंग्रजी भाषांतर बोराडेलने १८२७ मध्ये केले. मिताक्षरेच्या दायविभागाचे भाषांतर कोलब्रुकने त्याआधी, १८१० मध्ये केले होते. पुढे भारतरत्न पां. वा. काणे यांनी मयूखाची चिकित्सक आवृत्ती काढली. ठाणे जिल्ह्यातील वाटणीच्या दाव्यांत वकील याच ग्रंथांची पाने उलटत असत.

(१२)
शास्त्रकारांनी वाटणीखेरीज दुसराही मार्ग सांगितला होता. पिता दुर्बल, दूरदेशी किंवा आजारी असेल, तर ज्येष्ठ मुलाने कुटुंबाचा कारभार पाहावा. म्हणजे एक मार्ग मिळकत तोडण्याचा, दुसरा ती सांभाळण्याचा. दोन्हींत म्हाताऱ्याच्या पोषणाचे कर्तव्य कायम राहते. दोन्हींत एक गोष्ट मात्र गैरहजर आहे. चित्त विपरीत झाले आहे हे ठरवायचे कोणी? ग्रंथ त्यावर फारसे बोलत नाहीत. ते काम घर, भाऊबंद आणि गावची पंचायत यांच्यावर सोडलेले होते. ज्यांना वाटा हवा, तेच निदान करणारे.

(१३)
याच परंपरेत एक कठोर नियमही होता. उन्मत्त, जड, अंध, असाध्य रोगी यांना वारसाहिस्सा नाही, केवळ पोटगी. वारसा एकदा मिळाल्यानंतर वेड लागले तर तो काढून घेता येत नाही, हे न्यायालयांनी मान्य केले होते. तरीही भावाला वेडा ठरवून वाट्यातून वगळण्याचा मोह घराघरांत राहिलाच. १९२८ च्या कायद्याने ही अपात्रता बरीच कमी केली. जन्मतःच वेडा किंवा जड असलेलाच काय तो वगळला जाई. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तेही संपवले. कोणताही रोग, दोष किंवा व्यंग वारशाच्या आड येत नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे.

(१४)
इंग्रजांनी आणलेली कल्पना वेगळ्या मातीतली होती. चौदाव्या शतकातील इंग्लंडमध्ये असे मानले गेले की जन्मतः बुद्धी नसलेल्याची जमीन राजाने सांभाळावी. आणि ज्याची बुद्धी पुढे गेली त्याच्या जमिनीतून त्याचे व कुटुंबाचे पोषण करावे, बरा झाल्यास ती परत द्यावी. राजा हा असहायांचा पालक, अशी ही भूमिका. निर्णय भाऊबंदांच्या हातून काढून राजाच्या न्यायालयाकडे नेला, हे तिचे वेगळेपण. लॅटिनमध्ये या अधिकाराला ‘पॅरेन्स पॅट्रिए’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवावा. तो या धाग्याच्या शेवटी मुंबईत पुन्हा भेटणार आहे.

(१५)
१८५८ मध्ये हिंदुस्थानात वेडाविषयीचे तीन कायदे एकाच वेळी आले. एक सर्वोच्च न्यायालयांसाठी, एक जिल्हा न्यायालयांसाठी, एक वेड्यांच्या इस्पितळांसाठी. तीनांपैकी दोन मिळकतवाल्या माणसाच्या चौकशीसाठी आणि त्याच्या मिळकतीवर व्यवस्थापक नेमण्यासाठी होते, हे प्रमाण बोलके आहे. १९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्याने हे सारे एकत्र केले. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे, रबाळ्यापासून काही मैलांवर. गरीब वेड्यासाठी इस्पितळ आणि श्रीमंत वेड्यासाठी न्यायालय, अशी ती विभागणी होती. घरातच हळूहळू विसरत जाणारी आजी या दोन्हींच्या बाहेर राहिली.

(१६)
करार कायदा १८७२ चा. त्यातील बाराव्या कलमानुसार, करार करताना माणसाला त्याचा अर्थ कळत असेल आणि आपल्या हिताचा विचार करता येत असेल, तर त्याचे मन शाबूत आहे. एरवी भ्रमिष्ट असलेला माणूस शुद्धीच्या काळात करार करू शकतो. सोळाव्या कलमात त्याहून सूक्ष्म गोष्ट आहे. वय, आजार किंवा मानसिक-शारीरिक त्रास यांमुळे ज्याची बुद्धी दुबळी झाली आहे, त्याच्यावर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत समोरचा आहे असे कायदा मानतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या मसुद्यात ‘वय’ हा शब्द वेगळा लिहिलेला आहे.

(१७)
कागदावरचा नियम कचेरीत कसा उतरतो, हे पाहायचे तर अंगठ्याकडे पाहावे लागते. मराठेशाहीत निरक्षर पाटील दस्तावर नांगराची निशाणी करत. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारावर घेतला. १८७७ पासून त्याने हुगळीत दस्तनोंदणी आणि निवृत्तिवेतनासाठी बोटांचे ठसे वापरले. पेन्शनर मेल्यावर दुसऱ्याने त्याचे पैसे उचलू नयेत, हा एक हेतू होता. आज दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा यंत्रावर टेकवला जातो आणि फोटो निघतो. ठसा तोच माणूस आहे, एवढे सिद्ध करतो. त्याला काय कळले, हे ठशात उमटत नाही.

(१८)
१९०८ चा नोंदणी कायदा निबंधकाला एक अधिकार देतो. दस्त करून देणारा अज्ञान, जड किंवा वेडा ‘दिसत’ असेल, तर नोंदणी नाकारता येते. येथे सारा भार दिसण्यावर आहे. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या काळात माणूस नीट कपडे घालून, नमस्कार करून, स्वतःचे नाव सांगून खुर्चीवर बसतो. चार प्रश्नांची ठरीव उत्तरे देतो. आपण कोणता कागद करून देत आहोत, हे त्याला विचारले जाईलच असे नाही. यंत्र, शिक्का आणि साक्षीदार, सारे नियमानुसार पार पडते.

(१९)
न्यायालयांनी ही फट ओळखली होती. पडदानशीन स्त्रियांच्या दस्तांबाबत प्रिव्ही कौन्सिलने नियम घालून दिला की, ज्याला लाभ झाला त्यानेच सिद्ध करावे की तिला सर्व समजावून सांगितले होते. हे संरक्षण पुढे निरक्षर, वृद्ध आणि दुर्बल व्यक्तींनाही मिळू लागले. मृत्युपत्राबाबत १८७० मध्ये इंग्लंडच्या बँक्स विरुद्ध गुडफेलो खटल्यात ठरले की, भ्रम असलेला माणूसही मृत्युपत्र करू शकतो. मात्र मिळकत किती, हक्कदार कोण आणि आपण काय करतो आहोत, हे त्याला कळले पाहिजे. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या निकालानुसार, संशयास्पद परिस्थिती असेल तर मृत्युपत्र पुढे करणाऱ्याने तो संशय दूर करावा लागतो.

(२०)
वैद्यकाने या अवस्थेला रोग म्हणून ओळखले ते विसाव्या शतकात. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात पन्नाशी नुकतीच ओलांडलेली एक स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचे नावही नीट लिहिता येत नव्हते. तिच्या मृत्यूनंतर, १९०६ मध्ये, अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूतील बदल सहकाऱ्यांसमोर मांडले. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी पाठ्यपुस्तकात रोगाला अल्झायमर यांचे नाव दिले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार, भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. हा आजार पायरीपायरीने उतरतो. सकाळी माणूस स्वच्छ बोलतो, संध्याकाळी मुलाला भाऊ समजतो. शहाणा आणि वेडा अशा दोनच कप्प्यांत विचार करणाऱ्या कायद्याला हा उतार मोजणे जड जाते.

(२१)
यानंतरचा इतिहास अलीकडचा आहे आणि त्यात एक उलटे वळण आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालय चौकशी करून मिळकतीवर व्यवस्थापक नेमू शकत असे. रबाळ्याच्या कुटुंबाला ठाण्याला जाऊन अर्ज करता येत होता. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २००७ मध्ये स्वीकारला आणि रुग्णाच्या स्वायत्ततेचा विचार पुढे आला. त्यातून २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला. रुग्णाला उपचारांविषयी आगाऊ सूचना लिहून ठेवता येतात, प्रतिनिधी नेमता येतो. हा मोठा विजय आहे. मात्र मिळकतीच्या व्यवस्थापकाची जुनी तरतूद नव्या कायद्यात आली नाही. प्रतिनिधी औषधाला होकार देऊ शकतो, बँकेतून त्या औषधाचे पैसे काढू शकत नाही.

(२२)
मग कुलमुखत्यारपत्र चालणार नाही का? येथेच बहुतेक कुटुंबांची फसगत होते. करार कायद्याच्या २०१ व्या कलमानुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन शाबूत राहिले नाही की सर्वसाधारणपणे मुखत्याराचा अधिकार संपतो. ज्या दिवसासाठी कागद करून ठेवला, नेमका त्याच दिवशी तो निकामी होतो. इंग्लंडने ही अडचण १९८५ मध्ये ओळखली आणि २००५ च्या कायद्याने मन गेल्यावरही टिकणाऱ्या मुखत्यारपत्राची नीट व्यवस्था केली. जपानने एप्रिल २००० मध्ये प्रौढ पालकत्वाची नवी पद्धत सुरू केली. वार्धक्याच्या लाटेआधी त्या देशांनी कायदा बदलला.

(२३)
भारतात उरतो तो उच्च न्यायालयाचा दरवाजा. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने कोमातील रुग्णांच्या पालकत्वासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोमात असलेल्या पतीची पालक म्हणून पत्नीला मान्यता दिली. पुढे स्मृतिभ्रंश झालेल्या पालकांसाठीही मुलांनी याच वाटेने दाद मागितली आणि त्यांना पालकत्व मिळाले. आधार कोणता? तोच, चौदाव्या शतकातल्या राजाचा : असहायांचे पालक राज्य आहे. वैद्यकीय अहवाल आणि घरच्या सर्व वारसांचे म्हणणे पाहून निर्णय होतो. ज्याला वाटा हवा त्यानेच निदान करू नये, ही जुन्या ग्रंथांतली उणीव येथे भरून निघते. वकिलाची फी, वेळ आणि मुंबईच्या खेपा परवडतील त्यांच्यापुरती.

(२४)
जे घडून गेले ते उलटवण्यासाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि पुढे सांभाळले नाही, तर उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरण हस्तांतर रद्द करू शकते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अशी अट दाखवता आली पाहिजे. २०२५ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताने उदारपणे लावण्यावर भर दिला. पण तक्रार कोणी करायची? वडिलांना आपण बक्षीसपत्र केले हेच आठवत नसेल, तर त्यांची तक्रार त्यांच्या विस्मृतीतच विरून जाते.

(२५)
एक धागा मुलींचाही आहे. महाराष्ट्राने जून १९९४ मध्ये, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला. केंद्राने २००५ मध्ये तो सर्व मुलींना दिला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की २००५ मध्ये वडील हयात असणे आवश्यक नाही. त्यामुळे ‘ए.कु.मॅ.’ या तीन अक्षरांमागे दडलेल्या बहिणी कागदावर आल्या, आणि हक्कसोडपत्रांची निकडही वाढली. स्मृती गेलेल्या आईचे अंथरूण बदलणारी, तिला भरवणारी बहुधा लेक किंवा सून असते. शुश्रूषेचा हिशेब कोणत्याही दस्तात लिहिला जात नाही. वाद पेटला की त्याचीच आठवण सर्वांत आधी निघते.

(२६)
या साऱ्या प्रवासात एक सूत्र दिसते. शंखाच्या वचनापासून १९१२ पर्यंत कायद्याने विचारले : मन गेले, आता मिळकत कोणी धरायची? अंगठ्याच्या ठशाने विचारले : हा तोच माणूस आहे का? त्या माणसाला काय हवे आहे, हा प्रश्न फार उशिरा आला. आणि २०१७ मध्ये तो आला तेव्हा मिळकतीचा प्रश्न मागे सोडून आला. आजचे कायदे हे दोन्ही प्रश्न एकत्र हाताळत नाहीत. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या आयुष्यात मात्र ते वेगळे नसतात. त्याची जमीन विकून त्याचीच शुश्रूषा व्हायची असते.

(२७)
म्हणून घराच्या हातात उरते ते वेळेचे भान. मन स्वच्छ असताना लिहिलेले, नोंदवलेले मृत्युपत्र. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर त्यात सांभाळण्याची लेखी अट. सही करताना सर्व मुलामुलींची उपस्थिती आणि त्याच सुमाराची वैद्यकीय तपासणी. यांपैकी एकही गोष्ट नवी नाही. व्यवहार अंधारात झाला की त्याचे मोल संपते, हे जुन्या शास्त्रकारांनाही ठाऊक होते.

(२८)
रबाळ्याच्या त्या पिढीने आयुष्यात अनेकदा कागदावर अंगठा टेकवला. कुळ म्हणून नाव लावताना, जमीन संपादनात जाताना, मोबदला घेताना, भूखंड मिळताना. त्यांतील काही कागद त्यांना वाचून दाखवले गेले, काही नाही. १९८४ मध्ये हीच माणसे रस्त्यावर उतरली ती आपल्या जमिनीचा निर्णय आपल्याला विचारल्याशिवाय होऊ नये म्हणून. आता त्यांच्यापैकी कोणाची स्मृती निसटत असेल, तर शेवटचा कागद पुढे करणारा हात सरकारचा नसून घरातल्याच कोणाचा असतो. तेव्हाची मागणी आताही तीच आहे : आधी विचारा. आणि विचारणे शक्य उरले नसेल, तर त्याच्या नावाने काही ठरवण्यापूर्वी कोणा तटस्थ माणसाला साक्षीला बोलवा.